जुन्या ऑटोमॅटिक पजेरोचा गिअर स्लिप मारतो? गिअरबॉक्स खोलण्याआधी हे बघा

देवगडच्या एका बागायतदार भावांनी विचारलं आहे. त्यांच्याकडे मुंबईहून घेतलेली १९९७ची आयात केलेली पजेरो आहे, २.८ डिझेल, चार गिअरची ऑटोमॅटिक. सड्यावरच्या (कातळी पठारावरच्या) कलमांतून आंब्याच्या पेट्या खाली आणायला आणि हंगामात फोंडा घाटाने कोल्हापूरला जायला ते ती वापरतात. गेल्या हंगामात घाटात दुसऱ्यावरून तिसरा गिअर पडताना रेस एकदम चढायला लागली. गाडी ओढत नाही आणि दोनेक सेकंदांनी गिअर पकडतो. आता दिवाळीनंतर गाडी तापली की रिव्हर्सही ओढत नाही, खळ्याच्या चढावर मागे घेताना नुसती रेस होते. सकाळी थंड असताना तीच गाडी निमूट मागे जाते. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा चौथा गिअर, कधी येतो, कधी येत नाही. घाटमाथ्यावर एकदा गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा दिवाही लागला. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं, "बॉक्स गेला, ओव्हरहॉल करा नाहीतर भंगारातला दुसरा आणा." त्यांना एवढंच विचारायचं आहे की खोलायला देऊ का.

भाऊ, अजून देऊ नका. कारण तुमच्याच लिहिण्यात आहे. जाता जाता तुम्ही तीन गोष्टी लिहिल्या आहेत आणि त्या मला तक्रारीपेक्षा महत्त्वाच्या वाटतात. फाल्गुनात डिझेल पंप (इंजिनाला डिझेल पुरवणारा) उतरवून कॅलिब्रेट करून घेतला आणि "तेव्हापासून गाडी छान हलकी झाली, गिअर लवकर आणि मऊ पडतात" ही पहिली. आधीच्या मालकाने थर्मोस्टॅट (पाणी गरम होईपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) काढून टाकला होता ही दुसरी. आणि पावसात बागेच्या वाटेवरचा व्हाळ (ओढा) गुडघाभर पाण्यातून दोन-तीनदा ओलांडला ही तिसरी. कुठलीही जुनी ऑटोमॅटिक माझ्याकडे आली की मी आधी हेच विचारतो: बिघाड सुरू व्हायच्या आधी गाडीला शेवटचा हात कोणी आणि कुठे लावला? तुमच्या गाडीत तो हात पंपाला लागला आणि त्यानंतरच्या पहिल्याच हंगामात स्लिप सुरू झाली. पाणी त्याच्याही नंतरचं. म्हणून सुरुवात पंपापासून.

डिझेल पंपाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. मॅन्युअल गाडीत क्लच पायाने दाबतो, ऑटोमॅटिकमध्ये तो तेलाचा दाब दाबतो. आत क्लच प्लेटांचे तीन-चार गठ्ठे असतात, त्यांच्यामागे पिस्टन असतात आणि कुठल्या पिस्टनला कधी आणि किती दाब द्यायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. इंजिन जोर लावत असेल तर दाब जास्त हवा, नाहीतर प्लेटा घसरतील. इंजिन किती जोर लावतंय हे तुमच्या पिढीच्या बॉक्सला एका साध्या वायरमुळे कळतं. पंपाच्या एक्सलेटर लिव्हरपासून निघून गिअरबॉक्सच्या आत जाणारी ती केबल. गॅरेजमध्ये तिला किकडाउन केबल म्हणतात. त्या नावानेच घोटाळा होतो, कारण लोकांना वाटतं की ती फक्त ओव्हरटेकच्या वेळी गिअर खाली टाकायला असते. तिचं खरं काम चोवीस तास दाब ठरवण्याचं आहे. पाय जेवढा खाली जाईल तेवढी केबल ओढली जाते आणि तेवढा दाब वाढतो.

पंप उतरवायचा म्हणजे ही केबल सोडावी लागते. पंपवाला पंपाचं काम उत्तम करतो, पण ही केबल परत किती ताणात बसवायची हे त्याच्या कामात येत नाही. हाताला लागली तशी बसवून तो गाडी देतो. केबल सैल राहिली तर बॉक्सला वाटतं की पाय हलकाच आहे. मग गिअर लवकर पडतात, मऊ पडतात, धक्का जाणवत नाही आणि मालक खूश होतो. तुम्हाला आवडलेला तो मऊपणाच हा आजार आहे. सपाटीवर रिकाम्या गाडीत कमी दाबानेही भागतं. पेट्या भरून फोंडा चढताना इंजिन पूर्ण जोर लावतं, दाब मात्र फिरायला निघालेल्या गाडीचा असतो. प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात, तेल तापतं आणि दिवा लागतो.

आता दुसऱ्यावरून तिसरा आणि रिव्हर्स, हे दोनच का? हा भाग नीट समजून घ्या, कारण कुठल्याही गॅरेजमध्ये बोलताना तो उपयोगी पडेल. तुमचा बॉक्स आयसिन या जपानी कंपनीच्या घराण्यातला आहे. या घराण्याच्या चार गिअरच्या बॉक्समध्ये पुढे जाताना एक क्लच कायम धरलेला असतो, त्याला फॉरवर्ड क्लच म्हणतात. तिसरा गिअर पडताना त्याच्या जोडीला दुसरा क्लच येतो, तो डायरेक्ट क्लच. हाच डायरेक्ट क्लच रिव्हर्समध्येही लागतो. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी दिसायला वेगळ्या आहेत, पण दोन्हींच्या मुळाशी प्लेटांचा एकच गठ्ठा आहे. पहिला आणि दुसरा नीट ओढतात याचा अर्थ फॉरवर्ड क्लच शाबूत आहे. "बॉक्स गेला" हे निदान इथेच फिकं पडतं. पूर्ण बॉक्स गेला असता तर पहिल्यातही रडला असता.

रिव्हर्ससाठी आणखी एक भाग लागतो, लो-रिव्हर्स ब्रेक. दोष त्याचा नाही ना, हे घरच्या घरी बघता येतं. लिव्हर ‘एल’मध्ये (फक्त पहिला गिअर) टाकून रिकाम्या वाटेवर सावकाश चालवा आणि एक्सलेटर सोडा. इंजिनाने गाडी मागे खेचून धरली तर लो-रिव्हर्स ब्रेक धरतोय आणि रिव्हर्सचा दोष डायरेक्ट क्लचकडे जातो. गाडी मोकळी सुटली तर दोष त्या ब्रेकचा. पाना न लावता पाच मिनिटांत निम्मं निदान होतं.

पण केबलला हात लावण्याआधी तेल बघा. गाडी सपाट जागी, दहा-पंधरा किलोमीटर चालून गरम झालेली, इंजिन चालू. ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागांवरून एकदा सावकाश फिरवा आणि पजेरोत ‘एन’ला (न्यूट्रलला) आणून ठेवा. टोयोटाच्या गाड्यांत ‘पी’मध्ये बघतात, म्हणून आपापलं मॅन्युअल बघावं. मग डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला आणि वाचा. इंजिन बंद करून तेल बघितलं की कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि बॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातलं) तेल खाली येतं आणि पातळी खोटी वर दिसते. इंजिनाच्या तेलाची सवय असलेले मेस्त्री हीच चूक करतात. उलट थंड असताना ‘हॉट’च्या खुणेपर्यंत तेल भरलं की गरम झाल्यावर ते जास्त होतं, फिरते भाग ते घुसळतात, फेस होतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. तेल कमी असो की जास्त, तक्रार एकच येते.

पातळी बघून झाली की एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका आणि वास घ्या. चांगलं तेल लाल असतं आणि डाग सारखा पसरतो. जळलेलं तेल तपकिरी-काळं असतं, त्याला करपलेला वास येतो आणि डागाच्या मधोमध काळा ठिपका राहतो. तुमचं तेल थोडं करपलेलं असणार, त्याने घाबरू नका. तेल दुधाळ गुलाबी असेल तर मात्र गाडी तिथेच उभी करा, कारण ते पाणी आहे. खात्री करायची तर गरम तव्यावर एक थेंब टाका. चरचरून उडाला तर पाणी नक्की.

पाणी दोन वाटांनी येतं आणि किनाऱ्यावर दोन्ही वाटा उघड्या असतात. पहिली वाट रेडिएटरची. गिअरबॉक्सचं तेल रेडिएटरच्या टाकीतल्या कूलरमधून फिरतं. तो कूलर आतून गंजून भोक पडलं की गाडी चालू असताना तेलाचा दाब जास्त म्हणून तेल पाण्यात जातं, आणि गाडी बंद केल्यावर तापलेल्या पाण्याचा दाब जास्त म्हणून पाणी गिअरबॉक्समध्ये जातं. रेडिएटरच्या झाकणाखाली साय आल्यासारखा तेलकट थर दिसला तर हेच समजा. दुसरी वाट व्हाळाची. बॉक्सच्या वरच्या बाजूला एक बारीक श्वासनळी असते. चढ उतरून तापलेला बॉक्स एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि श्वासनळीचा पाइप तुटलेला किंवा निसटलेला असेल तर तिथून पाणी ओढलं जातं. क्लच प्लेटांचं अस्तर कागदी जातीचं असतं आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. पाण्याने ते फुगतं आणि सुटतं. व्हाळाच्या अलीकडे पाच-दहा मिनिटं गाडी उभी करून थंड होऊ द्या, आणि तो पाइप वाढवून इंजिनाच्या खोलीत उंच बांधून घ्या. दोन हातांचा रबरी पाइप आणि दोन क्लिपा लागतील.

तेल पाण्याचं नसेल तर केबलकडे या. एक माणूस गाडीत बसवा आणि एक्सलेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा. त्याआधी पायाखालचं जाड मॅट काढा. मॅटमुळे पेडल तळाला लागत नाही आणि सगळं माप चुकतं, हे मी अनेकदा बघितलं आहे. पंपाजवळ केबलच्या बाहेरच्या नळीला रबरी बूट असतो आणि आतल्या वायरीवर एक बारीक धातूचा मणी दाबून बसवलेला असतो. पेडल तळाला असताना मणी आणि बुटाच्या टोकामधलं अंतर ठरावीक मापाचं असावं लागतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये ताडून घ्या. माझा अंदाज आहे की तुमच्याकडे ते मापात नसेल. दोन नटांमध्ये नळी सरकवून ते अंतर आणा आणि नट घट्ट करा. मग पेडल सोडून वायर झटकन परत जाते का बघा. खाऱ्या हवेत आतली वायर नळीत गंजते आणि हळूहळू परतते. अशी केबल तेल सोडून मोकळी करण्यात वेळ घालवू नका, नवीन घाला. नवीन घालताना चेंबर (बॉक्सच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवावा लागतो, कारण तिचं दुसरं टोक आत व्हॉल्व्ह बॉडीच्या कॅमला अडकवलेलं असतं. म्हणून चेंबर, गाळणी आणि तेल ही तिन्ही कामं त्याच दिवशी उरका.

केबल मापापेक्षा जास्त ताणू नका. ताण वाढवला की स्लिप तात्पुरती कमी होते, म्हणून काही जण ती मुद्दाम ताणून देतात. मग गिअर उशिरा आणि धक्क्याने पडतात आणि जास्त दाब सगळ्या सीलवर येतो. माप सोडून केबल ओढून झाकलेला दोष पुढच्या हंगामात मोठा होऊन येतो. आणि केबल तुटली असेल तर गाडी अजिबात चालवू नका. उभ्या चढावर काही मिनिटांतच प्लेटा करपतात.

केबल मापात आली की वेळ मोजा. हँडब्रेक लावा, ब्रेक दाबा, गरम इंजिन आयडलला. ‘एन’वरून ‘डी’ टाकल्यापासून गाडीला हलका झोका बसेपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलच्या घड्याळावर मोजा. दर वेळी मध्ये एक मिनिट थांबून तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. मग ‘एन’वरून ‘आर’चं तसंच करा. या घराण्यात ‘डी’ला १.२ सेकंदांच्या आत आणि ‘आर’ला १.५ सेकंदांच्या आत झोका यायला हवा. ‘डी’ वेळेत आणि ‘आर’ उशिरा आला तर मघाचाच निष्कर्ष, डायरेक्ट क्लच किंवा लो-रिव्हर्स ब्रेक. दोन्ही उशिरा आले तर एकूण दाबच कमी आहे. मग गाळणी, बॉक्सच्या आतला तेलाचा पंप आणि व्हॉल्व्ह बॉडी बघायची.

काही जण तुम्हाला स्टॉल टेस्ट करायला सांगतील, म्हणजे ब्रेक दाबून पूर्ण रेस देऊन आरपीएम बघायचे. चाचणी चांगली आहे, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त करायची नाही आणि आधीच घसरणाऱ्या क्लचवर करायचीच नाही. तुमच्या गाडीवर मी ती आत्ता करणार नाही. जे थोडं अस्तर उरलंय ते तिथेच संपेल. त्याऐवजी दाबाचा गेज लावणारा मेस्त्री शोधा. बॉक्सच्या बाजूला एक प्लग असतो, तो काढून गेज लावला की दाब आकड्यात दिसतो. इंजिन आयडलला असताना केबल बोटाने ओढली की काटा चढलाच पाहिजे, आणि ‘आर’चा दाब ‘डी’पेक्षा जास्त असायला हवा. ज्याच्याकडे हा गेज नाही त्याने ऑटोमॅटिक खोलायला घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेंबर उतरवल्यावर तळातल्या चुंबकाकडे नीट बघा. करडा, लोण्यासारखा बारीक लेप इतक्या जुन्या गाडीत असायचाच. काळे पापुद्रे दिसले तर ते क्लचचं अस्तर. पितळी चमक म्हणजे बुश किंवा वॉशर. हाताला टोचणारे लोखंडी कण म्हणजे बेअरिंग किंवा गिअर, आणि तेव्हा मात्र खोलणं टळत नाही. तेल तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. त्या काळातल्या या बॉक्सना डेक्सरॉन २ किंवा ३ जातीचं चालतं. चेंबरमधून एकूण तेलाचा अर्ध्याहून कमी हिस्सा निघतो, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून एकदा बदलून शे-दोनशे किलोमीटर चालवा, मग परत एकदा, जमलं तर तिसऱ्यांदा. मशिन लावून दाबाने सगळं तेल एकदम धुवून काढण्याच्या मी विरोधात आहे. वर्षानुवर्षं साचलेला गाळ सुटतो आणि व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत जाऊन बसतो. "नवीन तेल घातलं आणि गिअर मेला" ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. तिथे बहुतेक वेळा प्लेटा आधीच संपलेल्या असतात आणि तेलावर आळ येतो.

आता थर्मोस्टॅट. आपल्याकडे इंजिन तापायला लागलं की पहिला उपाय म्हणून तो काढून फेकतात. ऑटोमॅटिकमध्ये याची किंमत वेगळी मोजावी लागते. पुष्कळ मॉडेलांत पाणी ठरावीक तापमानाला आल्याशिवाय ओव्हरड्राइव्ह आणि लॉकअप (कन्व्हर्टरला घट्ट धरून त्याची घसरण थांबवणारी सोय) लागूच देत नाहीत. थर्मोस्टॅट नसलेली गाडी सकाळच्या गारव्यात, उतारावर, पावसात त्या तापमानाला येतच नाही. लॉकअप नाही म्हणजे कन्व्हर्टर सारखा घसरत राहतो आणि उष्णता गिअरबॉक्सच्या तेलात जाते. इंजिन थंड राहावं म्हणून केलेल्या उपायाने बॉक्स तापतो. तुमच्या ओव्हरड्राइव्हच्या लहरीपणाचं पहिलं कारण मला हेच वाटतं. नवीन थर्मोस्टॅट घाला, पाणी तापण्याचं खरं कारण रेडिएटरमध्ये शोधा आणि मग बघा. लिव्हरवरचं ओव्हरड्राइव्हचं बटण आणि त्याची वायरही तपासून घ्या. तुटायची तर ती लिव्हरच्या वाकण्याच्या जागी तुटते.

विजेचं म्हणाल तर तुमच्या बॉक्समध्ये तो भाग थोडा आहे. केबल सैल झाल्याबरोबर गिअर लवकर पडायला लागले, यावरून बॉक्स तेलावर चालणाऱ्या जातीचा दिसतो, कॉम्प्युटर गिअर ठरवत नाही. ज्यांच्या लिव्हरजवळ पॉवर-होल्डचं बटण आहे त्यांचा बॉक्स इलेक्ट्रॉनिक. त्यांनी एक सोपी परीक्षा करावी: गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचा फ्यूज काढा आणि सपाट, रिकाम्या रस्त्यावर हाताने गिअर टाकत चालवा. आयसिन घराण्याच्या बॉक्समध्ये तेव्हा ‘एल’ला पहिला, ‘२’ला तिसरा आणि ‘डी’ला थेट चौथा मिळतो. तिन्ही घट्ट पकडले तर आतलं यंत्र ठीक आहे आणि बिघाड वायर, सेन्सर, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) किंवा कॉम्प्युटरकडे आहे. हाताने टाकलेला गिअरही घसरला तर दोष तेलाकडे किंवा प्लेटांकडे. वेगात असताना ‘एल’ टाकू नका, बस.

दोन्ही जातींना लागू असलेली एक जागा म्हणजे बॉक्सच्या बाजूला, चिखलाच्या माऱ्यात बसलेला इनहिबिटर स्विच. लिव्हर कुठे आहे हे तो सांगतो. खारं पाणी शिरलं की आतल्या तांब्यावर हिरवा गंज चढतो. मग ‘पी’मध्ये स्टार्टर लागत नाही, ‘एन’मध्ये लागतो, रिव्हर्सचा दिवा मनाला येईल तेव्हा पेटतो. कनेक्टर सोडून, साफ करून, सुकवून, ग्रीस लावून बसवा. इंजिन ते चासी अर्थिंगची पट्टीही काढून तिची दोन्ही टोकं घासून घ्या. किनाऱ्यावरच्या गाडीत अर्थिंग हा वार्षिक कामाचा भाग मानावा.

एक जुना अनुभव सांगतो, त्याची मला अजून टोचणी आहे. सिग्नलला थांबताना मागून ढकलल्यासारखा धक्का देणारी एक जीप जातीची ऑटोमॅटिक आली होती. मी व्हॉल्व्ह बॉडी उतरवली, धुतली, बसवली. तीन दिवस गेले, गिऱ्हाइकाचे पैसे गेले आणि धक्का तसाच राहिला. शेवटी प्रोपेलरच्या (गिअरबॉक्सकडून चाकांकडे फिरणाऱ्या दांड्याच्या) सरकत्या जोडाला ग्रीस मारलं आणि धक्का गेला. समुद्राजवळ चालणाऱ्या गाडीचं ग्रीस धुऊन जातं, जोड कोरडा पडतो आणि थांबताना अडकून सुटतो. तेव्हापासून धक्क्याची तक्रार आली की मी आधी प्रोपेलरचे क्रॉस, सरकता जोड आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग बघतो. पजेरोवाल्यांनी ट्रान्सफरची (दोन की चार चाकांना ताकद द्यायची ते निवडायची) लिव्हरही बघावी. सेंटर डिफ (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा भाग) लॉक केलेल्या जागेवर डांबरी रस्त्यावर गाडी वळवली तर सगळी ओढाताण गिअरच्या धक्क्यासारखी लागते.

कूलरच्या लोखंडी पाइपांना विसरू नका. चासीला जिथे क्लिपा आहेत तिथे, क्लिपेच्या आत, मीठ आणि चिखल साचून पाइप गंजतो. वरून चांगला दिसतो. क्लिप उघडून नखाने खरवडून बघा. माल घेऊन घाट चढणाऱ्याने रेडिएटरच्या पुढे एक जादा ऑइल कूलर लावून घ्यावा. तेल आधी रेडिएटरमधून आणि मग त्या कूलरमधून बॉक्समध्ये परतेल अशी जोडणी करा. मालवणीत गिऱ्हाइक येऊन सांगतं, "गिअर पडता, पण गाडी ओढ घेणा नाय." त्यातल्या कितीतरी गाड्यांचा खरा आजार उष्णता असतो.

घाटात चालवण्याबद्दल थोडं. चढताना ओव्हरड्राइव्ह बंद ठेवा आणि वेग पडला की स्वतः ‘२’ लावा. कमी रेसवर उंच गिअरमध्ये रेटत राहिलात तर कन्व्हर्टर घसरतो आणि पंप तेलही कमी फिरवतो. उतरताना ‘२’ वापरा, ‘एन’ कधीच नाही. तापमानाचा दिवा लागला तर सुरक्षित जागी थांबा, लिव्हर ‘पी’ किंवा ‘एन’ला ठेवा आणि इंजिन चालूच ठेवा. तेल फिरवणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद केलंत तर तापलेलं तेल तापलेल्या जागीच उभं राहतं. याच कारणाने ही गाडी धक्का मारून चालू होत नाही, आणि बंद पडली तर चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढून नेऊ नये.

वाळूबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण जुन्या फोर-बाय-फोरची चर्चा निघाली की किनाऱ्यावर गाडी घालण्याचा विषय निघतोच. बॉक्सच्या दृष्टीने वाळू घाटापेक्षा वाईट, कारण चाकं फिरत नाहीत आणि सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जाते. त्यात खारं पाणी ब्रेकपासून कनेक्टरपर्यंत सगळीकडे पोचतं. आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर आणि आपल्या सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. चाकाखाली घरटं आलेलं कळतही नाही. वाळूत कसं चालवावं हे मी शिकवत नाही, आणि मजेसाठी वाळूत घातलेली गाडी मी कामालाही घेत नाही. होडी ओढायची असेल तर धक्क्यावरून किंवा रॅम्पवरून, लो रेंजमध्ये, सावकाश.

आता तुमच्या गाडीचं काय होईल? केबल मापात, तेल-गाळणी नवीन, थर्मोस्टॅट जागेवर. एवढं करून आठवडाभर रिकामी चालवा. गिअर आधीपेक्षा थोडे उशिरा आणि किंचित जाणवतील असे पडतील. ते बरोबर आहे, केबल परत सैल करू नका. तरीही गरम झाल्यावर रिव्हर्स १.५ सेकंदांत आला नाही किंवा चढावर घसरला, तर त्या काही महिन्यांत डायरेक्ट क्लचचं अस्तर खाल्लं गेलं आहे आणि बॉक्स उतरवावा लागेल. तेव्हाही भंगारातला बॉक्स घेऊ नका. त्याचं वय तुमच्या बॉक्सएवढंच असतं आणि इतिहास कोणालाच माहीत नसतो. तुमच्या बॉक्सचे बाकीचे क्लच चांगले आहेत हे आपण आत्ताच बघितलं. पूर्ण सील किट आणि डायरेक्ट क्लचच्या प्लेटा, स्टीलच्या प्लेटांसकट, बदलायला सांगा. कन्व्हर्टर साफ करून घ्या आणि कूलर व पाइप धुतल्याशिवाय नवीन तेल भरू देऊ नका, नाहीतर जुना काळा गाळ पहिल्याच दिवशी नव्या प्लेटांवर येईल.

मोहोर आत्ता कुठे सुरू होईल. पेट्या निघेपर्यंत तुमच्या हातात काही महिने आहेत. येत्या रविवारी केबलचं अंतर मोजा आणि किती निघालं ते कळवा. सोबत कागदावरच्या तेलाच्या डागाचा उजेडात काढलेला फोटो आणि ‘डी’-‘आर’च्या वेळा, थंड आणि गरम दोन्ही, पाठवा. खोलायचं की नाही ते त्यावर ठरवू.